मधले नाव आणि परदेशगमनाची कागदपत्रे

व्यक्तीचे स्वतःचे नाव आणि आडनाव यांच्या दरम्यान येणाऱ्या नावास मधले नाव म्हणतात. महाराष्ट्रात ते प्रायः वडिलांचे व विवाहित स्त्रीच्या बाबतीत पतीचे असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ते त्याच व्यक्तीचे दुसरे नाव असते, तर फिलिपीन्समध्ये ते आईच्या माहेरचे कुलनाम असते. या तिन्ही प्रथा आपापल्या देशात सुबोध आहेत. परंतु पारपत्र, व्हिसा व नागरिकत्व यांसंबंधीच्या छापील अर्जांत त्या एकाच रकान्यात बसवाव्या लागतात आणि तेथे त्यांचा अर्थ बदलतो. मराठी नावाच्या बाबतीत हा बदल कसा घडतो, हे वऱ्हाडातील नांदुरा (जि. बुलढाणा) यासारख्या गावातील नोंदींवरून चांगले समजते. नांदुरा हे मुंबई–नागपूर लोहमार्गावर मलकापूर व शेगाव यांच्या दरम्यान वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : आईवडिलांच्या नावाने व्यक्तीची ओळख सांगण्याची पद्धत महाराष्ट्रात फार जुनी आहे. सातवाहन राजांची गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही मातृनामयुक्त नावे नाशिक येथील लेण्यांतील शिलालेखांत आढळतात. यांत ‘पुत्र’ हा नात्याचा शब्द नावातच आलेला आहे. मराठेशाहीच्या काळात पितृनामाची पद्धत रूढ झालेली दिसते. पेशव्यांपैकी बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ (बल्लाळ म्हणजे बाळाजी) व बाळाजी बाजीराव ही नावे लागोपाठ वाचली, म्हणजे वंशावळच हाती येते. वतनांच्या व जमिनींच्या दप्तरांत दोन नावांच्या मध्ये नात्याचा स्वतंत्र शब्द घालीत. पुत्र या अर्थी ‘बिन’ व ‘वल्द’ हे अरबी शब्द वापरीत. पत्नी या अर्थी ‘कोम’, ‘जौजे’, ‘भ्रतार’ हे शब्द प्रदेशपरत्वे येत. वऱ्हाड दीर्घकाळ निजामाच्या राज्यात होते. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे आला, तरी ‘वल्द’ व ‘जौजे’ हे शब्द तेथील दप्तरांत टिकून राहिले.

इंग्रजी अंमलात शाळा, न्यायालये व नोकरी यांतून स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा त्रिपदी साचा पक्का झाला. बाळ गंगाधर टिळक, गोपाळ कृष्ण गोखले, भीमराव रामजी आंबेडकर ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. या साच्यात नात्याचा शब्द गळाला आणि तीन नावे केवळ शेजारी-शेजारी उभी राहिली. मराठी वाचकाला त्यांतील दुसरे नाव वडिलांचे वा पतीचे आहे, हे सांगावे लागत नाही. ज्याला ही रूढी ठाऊक नाही, त्याला मात्र नावाच्या रचनेवरून ते कळण्याचा काहीच मार्ग राहत नाही. पुढे परदेशी कचेऱ्यांत जो घोटाळा होतो, त्याचे मूळ येथे आहे.

गावातील नोंदी : पाटील, देशमुख यांसारखी पदवाचक आडनावे जेथे अनेक घराण्यांत असतात, तेथे एकाच नावाच्या दोन माणसांतील भेद वडिलांच्या नावानेच कळतो. त्यामुळे मधले नाव हा मराठी ओळखीचा आवश्यक घटक ठरतो. तथापि नोंदी सर्वत्र सारख्या नसतात. वऱ्हाडातील गावांत पूर्वी जन्म-मृत्यूची नोंद कोतवाल बुकात होत असे. तीत पुष्कळदा वडिलांचे नाव, जात व ‘मुलगा झाला’ किंवा ‘मुलगी झाली’ एवढाच मजकूर असे. बारसे व्हावयाचे असल्याने बालकाचे नाव नसे. ते प्रथम कागदावर येई, ते शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. म्हणजे एका कागदावर वडिलांचे नाव आहे, पण व्यक्तीचे नाही आणि दुसऱ्यावर दोन्ही आहेत, अशी स्थिती होती. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा लागू झाल्यावरही नावाविना झालेल्या नोंदी आढळतात.

यात आणखी काही भेदांची भर पडते. ‘राव’, ‘जी’, ‘बाई’ ही आदरार्थी पदे एका कागदावर नावाला जोडलेली असतात, तर दुसऱ्यावर नसतात. माध्यमिक शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी लिहिण्याची पद्धत आहे, तर पदवीच्या प्रमाणपत्रात ते शेवटी असू शकते. ‘व’ या अक्षरासाठी रोमन लिपीत दोन वेगवेगळी अक्षरे वापरली जातात. वानखडे–वानखेडे यांसारखी आडनावे दोन तऱ्हांनी लिहितात. खुद्द जिल्ह्याचे नावही बुलडाणा व बुलढाणा असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. मुसलमान समाजात शेख, सय्यद, मिर्झा यांसारखा शब्द स्वतःच्या व वडिलांच्या अशा दोन्ही नावांपूर्वी लावण्याची पद्धत या भागात आढळते. तेथे आडनाव कोणते, या प्रश्नाला छापील अर्जास पटेल असे एकच उत्तर नसते.

विवाहित स्त्रीचे नाव : पुरुषाचे मधले नाव जन्मभर एकच राहते, रूढीप्रमाणे स्त्रीचे मात्र विवाहाने बदलते. वडिलांच्या जागी पतीचे नाव येते, आडनाव बदलते आणि सासरी नवे नाव ठेवल्यास स्वतःचे नावही बदलते. याचे एक बोलके उदाहरण म्हणजे आनंदीबाई जोशी (१८६५–८७). त्यांचे माहेरचे नाव यमुना व वडिलांचे गणपतराव. विवाहानंतर त्या गोपाळराव जोशी यांच्या पत्नी म्हणून आनंदी झाल्या. माहेर व सासर या दोन्हींकडचे आडनाव योगायोगाने एकच असल्याने तेवढे कायम राहिले. बाकीची दोन्ही नावे बदलली. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथील त्यांच्या स्मृतिशिलेवर आनंदीबाई व जोशी एवढीच नावे आहेत. मराठी माणूस मात्र त्यांना आजही ‘आनंदी गोपाळ’ या मधल्या नावासह ओळखतो.

त्या काळी परदेशप्रवासास पारपत्राची सर्वसाधारण सक्ती नव्हती. ती पहिल्या महायुद्धापासून रूढ झाली. आज अशा स्त्रीला आपण दोन्ही नावांची एकच व्यक्ती आहोत, हे विवाह-प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र व राजपत्रातील जाहिरात यांनी सिद्ध करावे लागते. विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे, असे सांगणारा कायदा भारतात नाही. तरीही ते बदलण्याची रूढी टिकून आहे आणि तिचा कागदोपत्री भार स्त्रियांवरच पडतो.

अमेरिकन व फिलिपिनो प्रथा : अमेरिकेत मधल्या नावाची चाल एकोणिसाव्या शतकात सार्वत्रिक झाली. पुष्कळदा आईचे कुलनाम मधले नाव म्हणून ठेवीत. जॉन फिट्झजेराल्ड केनेडी व फ्रँक्लिन डेलानो रूझवेल्ट ही राष्ट्राध्यक्षांची नावे त्या प्रकारची आहेत. परंतु तशी सक्ती नाही. मधले नाव कोणतेही असू शकते किंवा नसूही शकते. राष्ट्राध्यक्ष हॅरी एस. ट्रूमन यांच्या नावातील ‘एस’ हे अक्षर कोणत्याही एका नावाचे आद्याक्षर नव्हते. जुन्या इंग्रजी-अमेरिकन न्यायपरंपरेत मधले नाव कायदेशीर नावाचा आवश्यक भाग मानले जात नसे. तेथील सामाजिक सुरक्षा विभागही स्वतःचे नाव व आडनाव यांनाच कायदेशीर नाव मानतो.

फिलिपीन्समध्ये स्पॅनिश गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया यांच्या १८४९ च्या आदेशाने कुलनामांची यादी तयार करून ती लोकांना वाटून दिली गेली. स्पॅनिश पद्धतीत आईचे कुलनाम शेवटी येई. पुढे अमेरिकन अंमलात ते मध्ये आले व त्यास मधले नाव म्हणू लागले. मारिया कोराझोन सुमुलाँग कोहुआंग्को या विवाहानंतर कोराझोन कोहुआंग्को आकिनो झाल्या व १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांच्या नावात आधी आईचे आणि नंतर स्वतःच्या माहेरचे कुलनाम मध्यस्थानी आलेले दिसते. म्हणजे तेथे विवाहानंतरही माहेर नावातून पुसले जात नाही. अमेरिकेत गेल्यावर फिलिपिनो व्यक्तीच्या जोडनावातील दुसरा शब्द मधले नाव समजला जातो आणि खऱ्या मधल्या नावास जागा उरत नाही. मधले नाव मातृकुल दाखविते, म्हणून त्या देशात त्यास कायद्याचे महत्त्व आहे. सिंगापुरात मधल्या नावाची प्रथा नसल्याने मुलाचे ते नाव गाळण्याची परवानगी एका कुटुंबाने मागितली असता, २००५ मध्ये फिलिपीन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली.

पारपत्र व आप्रवासनाचे अर्ज : भारतीय पारपत्रात नावासाठी दोनच रकाने असतात, एक आडनावाचा व दुसरा दिलेल्या नावाचा. मधल्या नावासाठी वेगळा रकाना नसल्याने मराठी व्यक्ती आपले व वडिलांचे नाव दुसऱ्या रकान्यात एकत्र लिहिते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८० पासून प्रसृत केलेल्या यंत्रवाचनीय पारपत्राच्या मानकांतही हेच दोन भाग आहेत. पारपत्राच्या तळाशी असलेल्या सांकेतिक ओळीतील ४४ जागांपैकी ३९ जागा नावास मिळतात. नाव त्यांहून लांब असल्यास ते तोडावे लागते.

अमेरिकेच्या व्हिसा-अर्जातही दोनच रकाने आहेत. परंतु तेथे कायम वास्तव्य व नागरिकत्व यांसाठी करावयाच्या अर्जांत मधल्या नावाचा तिसरा रकाना असतो. त्यामुळे एकाच मुलाचे नाव एका कागदावर ‘स्वतःचे व वडिलांचे’ असे जोडनाव होते आणि दुसऱ्यावर वडिलांचे नाव त्याचे स्वतःचे दुसरे नाव म्हणून वेगळे पडते. वडिलांचे नाव गाळावे, तर ते शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही. पारपत्रात एकच नाव असल्यास व्हिसावर ‘पहिले नाव अज्ञात’ या अर्थाची एफ. एन. यू. ही अक्षरे येतात आणि ती पुढे इतर कागदांवरही उतरतात. उलट, संयुक्त अरब अमिरातींनी नोव्हेंबर २०२२ मध्ये एकच नाव असलेल्या पारपत्रधारकांच्या प्रवेशावर निर्बंध घातले, तेव्हा पारपत्रात अन्यत्र छापलेले वडिलांचे नाव ग्राह्य धरण्यात आले. ‘बिन’ व ‘वल्द’ हे शब्द ज्या भाषेतून आले, तिच्या प्रदेशात पितृनामाचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

या गोष्टीचे गांभीर्य कुटुंबाच्या पुनर्मीलनाच्या वेळी कळून येते. अमेरिकेच्या १९६५ च्या आप्रवासन कायद्यानंतर भारतीयांना तेथे मोठ्या संख्येने स्थायिक होणे शक्य झाले. नागरिक झालेल्यास आपल्या भावंडांसाठी अर्ज करता येतो. अशा अर्जात दोघांच्या आईवडिलांपैकी निदान एक समान असल्याचा पुरावा द्यावा लागतो. नांदुऱ्यास जन्मलेल्या बहिणीच्या जन्मनोंदीत तिचे नाव नसेल, आणि पारपत्र, मतदारयादी व शिधापत्रिका यांवर मधले नाव पतीचे असेल, तर भाऊ व बहीण यांच्या नावांत समान असे काहीच उरत नाही. दोघांना जोडणारे वडिलांचे नाव नेमके विवाहाच्या वेळी गळालेले असते. ते मिळते, ते तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. जी कधी शाळेतच गेली नाही, तिला नातलगांच्या प्रतिज्ञापत्रांवाचून गत्यंतर नसते. अशा अर्जांची प्रतीक्षा अनेक वर्षांची असल्याने प्रतिज्ञापत्र करू शकणारी वडीलधारी माणसेही तोवर हयात असतीलच, असे नाही.

उपाय व अलीकडील बदल : सर्व कागदांवर नाव एकाच क्रमाने व एकाच वर्णलेखनाने असणे, हा सर्वांत सोपा उपाय होय. तसे नसल्यास नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र व राज्याच्या राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी यांचा आधार घेतात. अमेरिकन अर्जांत पूर्वी वापरलेली सर्व नावे नमूद करण्यास जागा असते. माहेरचे संपूर्ण नाव तेथे लिहिणे हिताचे ठरते. भारत २००५ पासून अपोस्टिल कराराचा सदस्य असल्याने भारतीय दाखल्यांचे प्रमाणीकरण अन्य सदस्य देशांत मान्य होते. डिसेंबर २०१६ मध्ये पारपत्राचे नियम शिथिल होऊन आई वा वडील यांपैकी एकाचेच नाव देण्याची मुभा मिळाली. एकट्या आईने वाढविलेल्या मुलांना तिचा विशेष उपयोग झाला.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने लिहावयाचे आहे. ५ डिसेंबर २०२४ रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ देवेंद्र सरिता गंगाधर फडणवीस या नावाने घेण्यात आली. गौतमीपुत्र सातकर्णीच्या प्रदेशात आईचे नाव पुन्हा नावात आले, हे इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय होय. मात्र या चतुष्पदी नावातही नात्याचे शब्द नाहीत आणि पारपत्राचे रकाने दोनच आहेत. त्यामुळे नांदुऱ्यात आज नोंदल्या जाणाऱ्या मुलीचे मधले नाव उद्या परदेशी अधिकाऱ्यास कोणते वाटेल, हा प्रश्न उरतोच. तिच्या जन्मदाखल्यावर आईवडिलांची नावे नात्यासह स्वतंत्रपणे व अचूक नोंदलेली असतील, तर तोच कागद पुढे तिच्या नावाचा अर्थ सांगू शकेल.