बुचाचा अंमल

द्राक्षमद्य जितके जुने तितके मोलाचे, ही समजूत आज सर्वत्र इतकी रूढ आहे की, युरोपात कित्येक शतके परिस्थिती नेमकी उलट होती आणि नवा हंगाम उतरताच गतवर्षीच्या मद्याचा भाव कोसळत असे, हे सांगूनही खरे वाटत नाही. रोमन लोकांनी मातीच्या कुंभांची तोंडे बूच आणि राळ यांनी बंद करून मद्य वर्षानुवर्षे मुरविले होते; परंतु साम्राज्याबरोबर ती विद्याही बहुतेक लयास गेली, मद्य लाकडी पिंपांत नांदू लागले आणि पिंप अर्धे रिते झाले की आत शिरलेली हवा उरलेल्याचा शिरका करून टाकी.

या अवस्थेतून मद्याची सुटका झाली ती मद्याशी सुतराम संबंध नसलेल्या एका सरकारी हुकुमामुळे. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने १६१५ साली, आरमारासाठी लाकूड राखून ठेवावे म्हणून, काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास मनाई करणारे फर्मान काढले. काचेचा इजारा सर रॉबर्ट मॅन्सेल या आरमारी सरदाराकडे गेला. आणि दगडी कोळशाच्या प्रखर आचेवर जाड, काळसर व दणकट बाटली निपजू लागली. प्रश्न उरला तिच्या तोंडाचा. १६७६ साली जॉन वर्लिज या ग्रंथकाराने सफरचंदाच्या मद्यासाठी काचेच्या गुडदीचा पुरस्कार केला. ती तेल आणि कुरुंदाची पूड लावून त्या त्या बाटलीच्या तोंडाशी घासून बसवावी लागे, म्हणजे एकीची गुडदी दुसरीस चालत नसे, आणि कित्येकदा ती इतकी घट्ट बसे की बाटली फोडण्यावाचून गत्यंतर नसे. अशा वेळी स्वस्त व लवचिक बूच सरस ठरले, यात नवल नाही.

हे बूच पोर्तुगाल-स्पेनमधील एका ओक वृक्षाच्या सालीचे. (आपल्याकडचा पांढऱ्या फुलांचा बुचाचा वृक्ष निराळा, त्याच्या सालीचे बूच निघते, पण हलक्या प्रतीचे.) पंचविशी गाठल्यावर ओकची साल प्रथम उतरवितात, पुढे दर नऊ वर्षांनी, आणि बाटलीस लायक साल तिसऱ्या खेपेस मिळते. सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचे बूच १८ मिलिमीटरच्या गळ्यात दाबले जाते, तेव्हा त्याच्या सूक्ष्म कोशांत कोंडलेली हवा पहिल्या काही महिन्यांत मद्यात उतरते. मात्र बाटली उभी ठेवली की बूच सुकते, आकसते आणि बाहेरच्या हवेला वाट मिळते. ही अडचण दूर होण्याला निमित्त झाले पोर्ट या पोर्तुगीज मद्याचे. इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यातील १७०३ च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज मद्यावरील जकात फ्रेंच मद्याच्या दोन-तृतीयांशावर आल्याने इंग्रजांच्या तळघरांत करकरीत तुरट पोर्टचा भरणा झाला होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कांद्याच्या आकाराची बाटली लांबट होऊन आडवी निजू लागली, बूच सदैव ओले राहिले, आणि तो तुरटपणा दहा-वीस वर्षांत निवतो असा अनुभव आला. माझ्या मते जुन्या मद्याच्या आधुनिक कौतुकाचा जन्म इथलाच.

१८६६ साली पाश्चरने प्राणवायूचा मद्यावरील परिणाम विवरून सांगितला. तरी बुचाचा अंमल निर्वेध राहिला. तो हादरला १९८१ साली, जेव्हा हान्स टॅनर या संशोधकांनी मद्याला बुचामुळे येणाऱ्या कुबट वासाचे मूळ म्हणून ट्रायक्लोरोअॅनिसोल हे द्रव्य ओळखले. त्याचे अब्जांशाचे काही सहस्रांशही मद्य बिघडवायला पुरतात.

मग बुचाला पर्याय शोधणे आले. १९९९ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी क्लेअर खोऱ्यातील एकच सेमिलाँ मद्य चौदा प्रकारच्या झाकणांखाली भरून ठेवले. प्लॅस्टिकच्या बुचांखालचे मद्य लवकर तांबूस पडले; नैसर्गिक बुचाखाली बाटलीगणिक फरक दिसला; फिरकीच्या झाकणाखालचे मद्य सर्वांत ताजे राहिले, परंतु त्याला किंचित रबरासारखा वास आला. हवा पूर्ण वर्ज्य केली तर मद्य घुसमटते, असाच त्याचा अर्थ लावला गेला. तेव्हापासून कारखानदारांचे लक्ष झाकणाच्या आतील अस्तरावर आहे: कथिलाचा पत्रा असलेले अस्तर जवळजवळ काहीच आत येऊ देत नाही, बिनकथिलाचे थोडी अधिक हवा येऊ देते, आणि मद्य किती वर्षे ठेवायचे हे पाहून दोहोंतले एक निवडले जाते.