कॅसिनी: ४.०२ ते ५.२५

सगळ्या वेळा भारतीय आहेत. १५ सप्टेंबर २०१७, शुक्रवार. शनी त्या दिवशी पृथ्वीपासून साधारण १५० कोटी किलोमीटरवर होता. रेडिओ संदेश प्रकाशाच्याच वेगाने धावतो, सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर. तरी एवढं अंतर कापायला त्याला ८३ मिनिटं लागत होती. म्हणजे कॅसिनी यानाच्या अखेरच्या या घटनाक्रमाला घड्याळं दोन: एक यानावरचं आणि दुसरं पृथ्वीवरचं. पृथ्वीचा उल्लेख नसेल तिथे वेळ यानावरची धरावी.

मंगळवार १२ सप्टेंबर, रात्री १२.३४
निकाल खरं तर इथेच लागला. शनीच्या टायटन या चंद्रापासून १ लाख १९ हजार किलोमीटरवरून जाताना त्याच्या गुरुत्वाकर्षणाने कॅसिनीची चाल जराशी मंदावली, आणि पुढची फेरी थेट शनीच्या वातावरणात घुसणार हे पक्कं झालं. हे मुद्दाम घडवलेलं होतं. १९९७ साली निघालेलं आणि २००४ पासून शनीभोवती फिरणारं हे यान इंधनाच्या तळाला आलं होतं. ते बेवारशी भरकटत शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर आदळलं असतं, तर तिथल्या बर्फाखालच्या समुद्रात पृथ्वीवरचे जंतू पोचण्याची भीती होती. त्यापेक्षा जाळून टाकलेलं बरं, असं ठरलं.

शुक्रवार, मध्यरात्रीनंतर १.२८
शेवटचा फोटो. अंतर ६ लाख ३४ हजार किलोमीटर. कॅमेऱ्याने टिपली ती यान जिथे घुसणार होतं तीच जागा. त्या क्षणी तिथे रात्र होती, आणि कड्यांवरून परतलेल्या उजेडात ती अंधूक दिसत होती. यान पोचेपर्यंत शनी स्वतःभोवती फिरून तिथे दिवस उजाडणार होता. यानंतर कॅमेरे बंद.

१.५२
यानाने वळून अँटेनाची चार मीटरची थाळी पृथ्वीकडे रोखली आणि साठवलेली माहिती पाठवायला सुरुवात केली. पृथ्वीवर ती यायला लागली पहाटे ३.१५ ला. यानाच्या प्रक्षेपकाची ताकद होती २० वॅट, घरातल्या एलईडी ट्यूबइतकी.

सकाळी १०.३८
एन्सेलाडसच्या कक्षेचं अंतर शेवटचं ओलांडलं.

दुपारी १२.४४
पाच मिनिटांची एक गिरकी. वातावरणातले रेणू मोजणाऱ्या उपकरणाचं तोंड प्रवासाच्या दिशेला आलं. एरवी कॅसिनी माहिती साठवून ठेवायचं आणि सवडीने पाठवायचं. आता सवड उरली नव्हती, त्यामुळे मोजलं की लगेच पाठवायचं, सेकंदाला २७ किलोबिट या दराने. फोटोंना हा दर पुरणारा नव्हता. कॅमेरे बंद ठेवण्याचं कारण तेच. बारापैकी आठ उपकरणं चालू होती.

दुपारी २.३९
ही नोंद कुठल्याही अधिकृत वेळापत्रकात नाही; ८३ मिनिटं उलटी मोजून मी ती इथे घातली आहे. पृथ्वीवरून निघालेली आज्ञा कॅसिनीला जिवंतपणी गाठू शकेल, असा हा शेवटचा क्षण. कॅलिफोर्नियात पॅसाडीनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. बिघाड दिसल्यावर तो दुरुस्त करायचा म्हटलं, तर बातमी यायला ८३ आणि उत्तर जायला ८३ मिनिटं, म्हणजे पावणेतीन तास. तेवढा वेळ तर सव्वा वाजल्यापासूनच हातात नव्हता. अंतराळ मोहिमांच्या चित्रपटांत शेवटच्या क्षणी कुणीतरी बटण दाबतं. इथे दाबण्यासारखं बटणच राहिलं नव्हतं. करायचं ते सगळं आधीच लिहून यानाकडे धाडलेलं होतं.

४.०१
ढगांच्या माथ्यापासून सुमारे १,९०० किलोमीटर उंची, वेग ताशी लाखाहून अधिक किलोमीटर. विरळ वारा अंगाला लागू लागला. मॅग्नेटोमीटरचा अकरा मीटर लांब दांडा बाहेर आलेला. वारा त्याच्यावर रेटा देऊन यानाला फिरवू पाहत होता. थाळी पृथ्वीवरून हलू नये म्हणून छोटी रॉकेटं उलट जोर लावत राहिली. आधी क्षमतेच्या दहा टक्के. मग वाढत वाढत, शेवटची वीस सेकंदं, शंभर टक्के.

४.०२
शेवटच्या आठ सेकंदांत यान हळूहळू मागे कलंडू लागलं. अरुंद झोत पृथ्वीवरून सरकला. अंदाजापेक्षा अर्धा मिनिट जास्तच तगलं, पण त्यानंतर मिनिटभरात ते फुटलं, वितळलं आणि शनीत मिसळून गेलं.

४.०३ ते ५.२४
या अवधीत यान नाही, त्याचे संदेश मात्र वाटेवर आहेत. पावणेपाचच्या आधी शेवटचा संदेश गुरूच्या कक्षेइतका आत आला. सव्वापाचच्या सुमारास मंगळाच्या कक्षेइतका. नियंत्रणकक्षात पडद्यावर सगळं ठणठणीत दिसत होतं.

ज्याचं नाव या यानाला दिलं, त्या जिओव्हानी कासिनीला संदेश असा वाटेवर असतो, हे पटलं नसतं. १६७६ साली पॅरिसच्या वेधशाळेत गुरूच्या आयो या चंद्राची ग्रहणं कधी लवकर, कधी उशिरा दिसत. प्रकाशाला यायला वेळ लागतो म्हणून असं होत असेल, ही शंका आधी कासिनीनेच बोलून दाखवली आणि मग मागे घेतली. ओले रोमर हा त्याचा तरुण सहकारी मात्र ती धरून बसला आणि आयोचं पुढचं ग्रहण सुमारे दहा मिनिटं उशिरा दिसेल, असं त्याने आधीच सांगून टाकलं. ते तसं दिसलंही. तरी कासिनी बधला नाही. आणि त्याच्या नावाचं यान, २००२ साली शनीकडे जाताना, सूर्याजवळून येणाऱ्या रेडिओ संदेशाला गुरुत्वाकर्षणामुळे होणारा उशीर बारकाईने तपासायला वापरलं गेलं. आइन्स्टाईनचं गणित त्या कसोटीला उतरलं.

संध्याकाळी ५.२५, पृथ्वी
ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या केंद्रातल्या थाळ्या ऐकत होत्या. पॅसाडीनात पहाटेचे ४.५५. आधी माहितीचा ओघ तुटला, नुसती वाहक लहर उरली. २४ सेकंदांनी तीही गेली. पडद्यावर दोन वारंवारितांचे दोन उभे सुळके होते. एक्स-बँडचा आधी विरला, एस-बँडचा काही सेकंद मागाहून.

मोहिमेचे व्यवस्थापक अर्ल मेझ यांनी जाहीर केलं की संदेश गेला आहे आणि येत्या पंचेचाळीस सेकंदांत यानही जाईल. 'जाईल' म्हणाले! यान जाऊन तास उलटला होता, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. पण नियंत्रणकक्षाचं काम चालतं ते संदेश हाती येण्याच्या वेळेवर, आणि त्या हिशेबाने त्यांचा भविष्यकाळ अगदी बरोबर होता. मोहीम संपल्याचं सांगून त्यांनी कानावरचा संच उतरवला आणि यानाचं संचालन सांभाळणाऱ्या जूली वेबस्टर यांना मिठी मारली.