'होचु' म्हणजे हवंय, 'नेचु' म्हणजे नको : सर्बो-क्रोएशियन भाषेतल्या एका क्रियापदाची गोष्ट

सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया आणि माँटेनेग्रो या चार देशांतले लोक एकमेकांचं बोलणं सहज समजू शकतात. या भाषेला एकत्रितपणे सर्बो-क्रोएशियन म्हणतात. तिथे रोज कानावर पडणारं एक क्रियापद म्हणजे 'ह्तेती'. क्रोएशियात तेच 'ह्त्येती' होतं. अर्थ एकच : हवं असणं, इच्छा असणं.

रूपं कशी होतात?

मराठीत वस्तूप्रमाणे रूप बदलतं : चहा हवा, कॉफी हवी, पाणी हवं. तिथे ते माणसाप्रमाणे बदलतं.

- मी : होचु
- तू : होचेश
- तो, ती, ते : होचे
- आम्ही : होचेमो
- तुम्ही : होचेते
- ते (अनेकजण) : होचे

यातला 'च' 'चहा'तला आहे, 'चाक'मधला नाही. वर्तमानकाळात 'मी'चं रूप 'उ'ने संपणारी क्रियापदं प्रमाण भाषेत दोनच : 'होचु' आणि 'मोगु' (मी करू शकतो).

भविष्यकाळही यातूनच

पुढचं 'हो' गळलं की उरतं चु, चेश, चे, चेमो, चेते, चे. ही आखूड रूपं भविष्यकाळ तयार करतात. 'रादिती' म्हणजे काम करणे, तर 'मी काम करेन' हे सर्बियात 'रादिचु' असं एका शब्दात लिहितात. क्रोएशियात 'रादित चु' असे दोन शब्द लिहितात, उच्चार मात्र तोच. आखूड रूपाने वाक्य कधीच सुरू होत नाही.

'नेचु'वरून वाद का?

नकारासाठी होचुचं 'नेचु' होतं. कॉफी नाकारताना त्याचा अर्थ 'नको', तर दुसऱ्या क्रियापदासोबत 'मी करणार नाही'.

इतर बहुतेक क्रियापदांत 'ने' सुटा लिहितात, जसं 'ने रादिम' (मी काम करत नाही). मग इथेही 'ने चु' असं तोडून लिहावं, असा आग्रह क्रोएशियातल्या काही भाषातज्ज्ञांनी धरला. 1991 मध्ये युगोस्लाव्हिया फुटू लागल्यावर आपली भाषा सर्बियनपेक्षा वेगळी दिसणं हा तिथे अस्मितेचा प्रश्न झाला होता. त्यामुळे एका रिकाम्या जागेलाही राजकीय वजन आलं. 2013 मध्ये क्रोएशियाच्या भाषा संस्थेने काढलेल्या शुद्धलेखन नियमावलीने 'नेचु' एकत्रच ठेवलं.

तिकडे गेलात तर

'होचेश काफु?' म्हणजे 'कॉफी हवी का?' क्रोएशियात काफुऐवजी 'कावु', तर बोस्नियात 'काह्वु' ऐकू येईल. उत्तरात 'होचु' किंवा 'नेचु' एवढंच पुरतं. मात्र हॉटेलात काही मागताना 'होचु' जरा उद्धट वाटू शकतं. तिथे पुरुषाने 'ह्तेओ बिह' आणि स्त्रीने 'ह्तेला बिह' म्हणावं. क्रोएशियात तेच 'ह्तिओ बिह' आणि 'ह्त्येला बिह' होतं. आपण 'जरा कॉफी हवी होती' म्हणतो, तसंच.

आणि कुणी 'होचेश-नेचेश' म्हणालं, तर समजा : तुमची इच्छा असो वा नसो, ते करावंच लागणार आहे.