'तिसरी सुसंगती' : लॅटिन संबंधी सर्वनाम आणि सरावातला सिद्धान्त

भाषाशिक्षणातील सराव ही सामान्यतः तटस्थ बाब मानली जाते. वस्तुतः प्रत्येक सरावामागे वाक्याविषयीची एक निश्चित धारणा उभी असते. लॅटिनमधील संबंधी सर्वनामाचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

विल्यम लिली (मृत्यू १५२२) याच्या नावाने ओळखले जाणारे व्याकरण १५४० च्या दशकात राजाज्ञेने इंग्लंडच्या शाळांत रूढ झाले. त्यात तीन सुसंगती सांगितल्या आहेत : कर्ता व क्रियापद, विशेषण व नाम, आणि संबंधी सर्वनाम व त्याचे पूर्वगामी नाम. तिसरीचा नियम असा, की सर्वनामाचे लिंग व वचन पूर्वगामी नामाप्रमाणे, विभक्ती मात्र स्वतःच्या वाक्यातील कार्याप्रमाणे. 'पूर्वगामी' या संज्ञेतच नाम आधी, गौण वाक्य नंतर, हा क्रम गृहीत आहे. १६६० च्या पोर-रोयाल व्याकरणाने या रचनेला तर्कशास्त्रीय अधिष्ठान दिले. एका वाक्यात अनेक विधाने अंतर्भूत असू शकतात, हे त्याने याच रचनेच्या आधारे दाखविले.

परंतु प्राचीन लॅटिनची साक्ष वेगळी आहे. जुन्या कायद्यांत आणि केटोच्या शेतीविषयक ग्रंथात संबंधी वाक्य पुष्कळदा आधी येते, आणि मुख्य वाक्यातले दर्शक सर्वनाम त्याचा परामर्श घेते. सीझरसारखा अभिजात लेखकही गॅलिक युद्धाच्या वृत्तान्तात 'मार्ग' हे नाम संबंधी वाक्यात पुन्हा योजतो. शालेय नियमाला ही पुनरुक्ती वाटते. मराठी वाचकाला मात्र 'जे पुस्तक तू दिलेस, ते पुस्तक मी वाचले' या रचनेत काहीच अस्वाभाविक वाटत नाही. विशेष म्हणजे 'ज्या मुलीला तू पाहिलेस, ती माझी बहीण' या वाक्यात लिंग, वचन व विभक्ती यांविषयीचा लॅटिन नियम तंतोतंत लागू पडतो. बदलतो तो केवळ क्रम.

थॉमस स्टीफन्सचे कोंकणीचे व्याकरण १६४० साली रायतूर येथे छापले गेले, ते लॅटिन व्याकरणाच्या साच्यातच. भारतीय भाषा त्या साच्यातून पाहण्याची परंपरा जुनी आहे. उलट दिशेने पाहिल्यास 'जो-तो' रचनेतून लॅटिनच्या एका जुन्या स्तराचे आकलन होऊ शकते. दोन सुटी वाक्ये जोडण्याचा रूढ सराव विद्यार्थ्याला रूपे शिकवितो, पण नामानंतरच वाक्य शोधण्याची सवयही लावतो. परिणामी आधी आलेले संबंधी वाक्य त्याला अपवाद भासते, आणि संहितेचा स्वाभाविक क्रम शैलीचा विशेष म्हणून वाचला जातो. सरावाची चिकित्सा म्हणूनच वाचनाचीही चिकित्सा ठरते.