गिअर टाकतो कोण?

"बेल्ट बदलला, रोलर बदलले, आणि गाडी आधीपेक्षा मंद झाली!" ही तक्रार मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, सोसायटीत, नातेवाईकांकडे इतक्या वेळा ऐकली आहे की आता तिच्यावर लिहिणं भागच आहे. पैसे खर्च करून, नवे कोरे पार्ट टाकून गाडी बिघडते कशी? बरं, तक्रार घेऊन माणूस दुसऱ्या गॅरेजमध्ये गेला की बऱ्याचदा ऐकायला मिळतं, "इंजिन गेलंय साहेब, बोअर करावं लागेल." म्हणजे काही हजारांची फोडणी. आणि ती देऊनही गाडी तशीच.

उपाय सांगण्याआधी थोडा इतिहास सांगतो, कारण माझ्या मते या दुखण्याचं मूळ तिथेच आहे.

आपल्या आधीच्या पिढीची स्कूटर म्हणजे चेतक. बजाज 1960च्या दशकात पियाज्योच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत होती, 1971 मध्ये तो परवाना संपला आणि 1972 मध्ये आकुर्डीची चेतक आली. चार गिअर, डाव्या मुठीत. चढ आला, इंजिनाचा आवाज बदलला की क्लच दाबून मूठ फिरवायची, खट्. गाडी ओढत नसली तर कुठल्या गिअरमध्ये ओढत नाही हे चालवणाऱ्याला सांगता यायचं. गिअरची केबल तुटली तर जो गिअर अडकला असेल त्यात कण्हत कण्हत घरी. त्रास होता, पण तो दिसणारा त्रास होता.

त्याच 1972 मध्ये फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने नगरला (तेव्हाचं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर) लूना काढली. तिला गिअर नव्हते. म्हणजे खरं तर एकच होता, कायमचा. त्यामुळे चढावर पॅडल मारायचं. लूनावर डबलसीट बसून चढ चढलेल्या कुणालाही विचारा, गिअर कशासाठी असतात हे त्याच्या मांड्यांना ठाऊक असतं.

आणि मग कायनेटिक होंडा. 1984 मध्ये दोन कंपन्यांचा करार झाला, मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला कारखाना निघाला आणि 98 सीसीची, टू-स्ट्रोक, बटन स्टार्ट स्कूटर रस्त्यावर आली. क्लच नाही, गिअर नाही, पॅडलही नाही. चढ आला तर? काही करायचं नाही. गाडी आपली आपण बघून घेते. किक आणि गिअर या दोन गोष्टींमुळे स्कूटरपासून लांब राहिलेल्या कितीतरी जणी त्यानंतर बिनधास्त गाडी चालवायला लागल्या. माझ्या दृष्टीने पुण्याच्या रस्त्यांवरची ही त्या काळातली सगळ्यात मोठी उलथापालथ. (यावर वाद घालायला माझी तयारी आहे.) होंडा 1998 मध्ये त्या भागीदारीतून बाहेर पडली आणि 2001 मध्ये स्वतःची अॅक्टिव्हा घेऊन आली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

पण 'गाडी आपली आपण बघून घेते' म्हणजे नक्की कोण बघतं?

ही कल्पना जपानी नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या आधी झेनिथ नावाची मोटरसायकल होती, तिची 'ग्रॅड्युआ' यंत्रणा म्हणजे लहानमोठी होणारी पुली. चालवणारा एक दांडा फिरवायचा, पुलीच्या दोन बाजू जवळ यायच्या आणि पट्टा वर चढायचा. चढाच्या शर्यतींत ती इतकी पुढे जायला लागली की तिला काही स्पर्धांत बंदी घातली गेली. कंपनी काय वस्ताद! 'बंदी' हाच शब्द तिने आपल्या बोधचिन्हात घातला. पण तिथेही दांडा माणूसच फिरवत होता. माणसाला बाजूला सारलं ते हॉलंडच्या डॅफ कंपनीच्या हुब व्हान डोर्नने. 1958 मध्ये दाखवलेल्या त्याच्या छोट्या कारमध्ये पुली फिरत्या वजनांच्या आणि इंजिनाच्या व्हॅक्यूमच्या जोरावर आपोआप मिटायची. त्या यंत्रणेचं नाव व्हेरिओमॅटिक. आपले मेकॅनिक आजही हाच शब्द वापरतात. (त्या डॅफ कार जितक्या वेगात पुढे जायच्या तितक्याच वेगात मागे जायच्या, आणि डच लोकांनी त्यांच्या रिव्हर्स शर्यतीही लावल्या. असो.)

स्कूटरमध्ये व्हॅक्यूमही नाही. पुढच्या पुलीत उतरत्या खोबणींमध्ये लहान लहान रोलर बसवलेले असतात, बहुतेक गाड्यांत सहा. इंजिन जोरात फिरलं की ते बाहेर फेकले जातात, पुलीची एक बाजू दुसरीकडे ढकलतात, बेल्ट वर चढतो. मागच्या पुलीत एक स्प्रिंग याला विरोध करत बसलेली असते. या रस्सीखेचीतून जे ठरतं तो तुमचा गिअर. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळं लॉजिक सहा कॉन्स्टंट्समध्ये हार्डकोड केलंय आणि त्यांचं एकक आहे ग्रॅम. चेतकवर जो निर्णय तुमचा डावा हात घेत होता, तो आता या सहा गोट्यांच्या वजनात लिहिलेला असतो. ते वजन बदललं की निर्णय बदलला!

माझे मामा वडगाव निंबाळकरला असतात, नीरा-बारामती रस्त्यावर. त्यांच्या सव्वाशे सीसीच्या स्कूटरला (कंपनी कुठली ते राहू दे) खडखड यायला लागली म्हणून त्यांनी एका गॅरेजात बेल्ट आणि रोलर बदलून घेतले. खडखड गेली, आणि जोरही गेला. कालव्याच्या पट्ट्यातल्या सपाट रस्त्यावर गाडी ठीक, पण मोरगावच्या बाजूला माळाचा चढ लागला की मान टाकायची. दोन ठिकाणी बोअरचा सल्ला मिळाला. मामा तर गाडी विकायला निघाले होते. मी गेलो तेव्हा गावातल्या एका वयस्कर मेकॅनिककडे आम्ही ती नेली. त्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "पाव्हणं, इंजिन कशाला खोलताय? आवाज ऐका की. गाडी रडत न्हाई, झोपलीया."

हे निदान मला फार आवडलं. बेल्ट घसरत असता तर इंजिन किंचाळलं असतं आणि गाडी पुढे गेली नसती. इथे उलट, इंजिन चढावर वर फिरतच नव्हतं. म्हणजे चौथ्या गिअरमध्ये चेतक चढावर घातल्यासारखं. त्याने नवे रोलर काढले, ठेवणीतला कंपनीचा एक सेट काढला आणि दोन्ही घेऊन आम्ही चक्क सोनाराच्या काट्यावर गेलो. कंपनीचा रोलर 10 ग्रॅम, घातलेला 12. मापाने अगदी सारखे, वजनाने नाही.

"दोन ग्रॅम? तंबाखूची चिमूट असती की एवढी!" इति मामा.

पण गणित करून बघा. रोलरचा रेटा वजनाच्या पटीत वाढतो आणि फिरण्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत. वजन 20 टक्क्यांनी वाढलं तर तोच रेटा जवळजवळ 9 टक्के कमी वेगात तयार होतो. जिथे इंजिन 6000 फेऱ्यांपर्यंत जाऊन मग गिअर बदलायला हवा, तिथे तो 5480च्या आसपासच बदलतो. इंजिनाची ताकद यायच्या आधीच वरचा गिअर. कंपनीचे रोलर टाकल्यावर गाडी माळ चढली. बोअर वाचलं. उलट, रोलर हलके पडले तर इंजिन नुसतं ओरडतं आणि पेट्रोल पितं.

वजन बरोबर असूनही गाडी मंद असेल तर संशय बेल्ट बसवण्याच्या पद्धतीवर घ्यावा. मागची पुली हाताने उघडून बेल्ट तिच्यात खोल दाबायचा असतो, म्हणजे पुढे तो सैल पडतो. घाईत हे राहिलं की पुढचा नट आवळताना बेल्ट पुलीच्या चिमट्यात सापडतो. नट घट्ट वाटतो पण तो टेकलेला असतो बेल्टवर. थोडं चालल्यावर बेल्ट सरकतो, नट ढिला होतो आणि मग शाफ्टचे दातेच जातात. हे मात्र खरंच महागात पडतं. याशिवाय बेल्ट रुंदीला कमी असला तर पुढच्या पुलीत खाली बसतो आणि टॉप स्पीड मिळत नाही. पुलीला ग्रीसचा हात लागला तर बेल्ट घसरतो. रोलरच्या मागच्या पत्र्याचे प्लॅस्टिकचे तुकडे झिजलेले असले तर पुन्हा खडखड.

वडगावहून बारामतीची एमआयडीसी फार लांब नाही. तिथे पियाज्योचा कारखाना आहे, आणि एप्रिल 2012 पासून तिथे व्हेस्पा बनते. ज्या व्हेस्पाने आपल्याकडे डाव्या मुठीतले गिअर आणले, तीच परत आली ती बेल्ट आणि रोलर घेऊन. तोवर बजाजने स्कूटर बंदही केल्या होत्या. 2020 मध्ये चेतक पुन्हा विक्रीला आली ती विजेवर. तिच्यात बेल्ट-रोलरची ही भानगड नाही. गिअर पुन्हा एकच, कायमचा, लूनासारखा. फक्त मोटर शून्यापासून जोर लावते, त्यामुळे पॅडल नाही.