शहाबादी फरशी आणि एक विसरलेला सुभा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी फरशीवरून वाद झाला. अम्मी फजरच्या वजूसाठी उठली आणि बैठकीतल्या एका वर आलेल्या फरशीला अडखळून पडली. गुडघ्याला मुका मार लागला, तीन आठवडे खुर्चीवर बसून नमाज पढावी लागली. धाकट्या भावाने त्याच दिवशी मोबाईलवर टाईल्सचे नमुने काढले. जुनं सगळं उखडायचं, ट्रॅक्टर बोलवून मलबा टाकायचा आणि मोरबीच्या चकचकीत टाईल्स बसवायच्या, असं त्याचं म्हणणं. अम्मी मात्र अडून बसली. "तुमारे दादाने बिछाये सो फर्श है. फेको नक्को," एवढंच ती म्हणत राहिली.

मी दोघांच्या मध्ये सापडलो. निकाल देण्याआधी ही फरशी आली कुठून, ते शोधावं म्हणून बसलो.

आधी शब्द पाहू. 'फर्श' अरबी आहे. मूळ अर्थ पसरणं, अंथरणं. जमिनीवर जे अंथरायचं ते फर्श. तिथून तो फारसीत आणि दखनीत आला, मराठीने त्याची 'फरशी' केली. सरकारी तंबू, गालिचे, बिछायती सांभाळणारा तो फर्राश. पुण्याच्या फरासखान्याचं नाव त्यावरूनच. 'गच्ची'मधला 'गच' फारसीत चुन्याचा लेप, 'गिलावा'मधला 'गिल' म्हणजे माती. गवंडी काटकोन तपासायला वापरतो तो 'गुण्या'देखील फारसीतूनच आला आणि फारसीने तो ग्रीकांकडून घेतला. मराठी गवंड्याच्या पिशवीत दख्खनचा अर्धा इतिहास असतो. ही आपली भाषा नाही, असं जे म्हणतात त्यांनी एकदा ती पिशवी उघडून पाहावी.

आता दगड. लातूरचा दगड काळा. या बेसॉल्टच्या भिंती चांगल्या होतात, पण त्याचे पातळ, सपाट पापुद्रे निघत नाहीत. म्हणून सामान्य घरांत जमीन मातीचीच असायची. मुरूम टाकायचा, धुम्मसाने ठोकायचा, वरून सारवण. दर आठ-पंधरा दिवसांनी घरातल्या बायकांच्या कमरेवर ते काम. फरशी आल्यावर घर श्रीमंत दिसू लागलं, हे खरंच. पण पहिला आराम मिळाला तो बायकांना.

बहमनी काळातही पायाखाली काय घालायचं आणि डोळ्यांपुढे काय ठेवायचं, यात फरक केलेला दिसतो. उदगीरपासून जवळच बीदरला महमूद गवानचा १४७२चा मदरसा आहे. इराणी पद्धतीच्या निळ्या-हिरव्या टाईल्सचे अवशेष अजून त्याच्या भिंतींवर आहेत. टाईल नजरेसाठी होती, चालायला दगड आणि चुना होता.

सपाट निघणारा दगड मिळाला तो आग्नेयेला, भीमेच्या खोऱ्यात. गुलबर्गा जिल्ह्यातल्या शहाबादची चुनखडी म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा गाळ. तो थराथराने साचला, म्हणून पाचर मारली की थरावरच सुटतो. एक बाजू जवळजवळ सपाट, दुसरी खडबडीत, जाडी कमीजास्त. ही चुनखडी पुढे सिमेंटलाही कामी आली. १९३६ साली अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली, त्यात शहाबाद सिमेंट कंपनीही होती. म्हणजे फरशी आणि तिला धरून ठेवणारं सिमेंट, दोन्ही एकाच गावचे.

मुंबईहून सोलापूर, गुलबर्गा, शहाबाद, वाडी असा जाणारा लोहमार्ग १८७१ साली रायचूरपर्यंत पोहोचला. याच मार्गावरच्या कुर्डुवाडीहून निघणारी बार्शी लाईटची अडीच फुटी रेल्वे १९११ साली लातूरला आली. गेज वेगळा असल्याने कुर्डुवाडीला माल उतरवून पुन्हा चढवावा लागे, तरी दगडासाठी बैलगाडीपेक्षा ही वाट सोपी. आडत पेठ वाढत होती, नगररचनाकार फय्याजुद्दीन यांच्या आराखड्यातली गंजगोलाई आणि तिचे सोळा रस्ते हे शहराचं केंद्र झालं. पेठेत पैसा आला, तसा दगड घरांत आला.

इथे एक गोष्ट आपण विसरतो. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं आणि उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या गुलबर्गा सुभ्यात. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेलं, मराठवाडा मुंबई राज्यात आला. आज शहाबादी फरशी 'कर्नाटकातून येते'. दादांनी ती घेतली तेव्हा ती आपल्याच सुभ्यातून आली होती. नकाशा बदलला, नातीगोती, उरूस आणि दगड जुन्याच वाटेने येत-जात राहिले.

आमच्या फरशीचा निकाल मात्र लागला तो ३० सप्टेंबर १९९३च्या आठवणीने. पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. गळू नये म्हणून वर्षानुवर्षं चढवलेले मातीचे थर. बऱ्याच घरांत लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला, भिंती मात्र झोपलेल्या माणसांवर आल्या. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली.

लातुरात आमचं घर पडलं नाही. पण महिनाभर कुणी आत झोपलं नाही. अब्बांनी माळवदाची माती उतरवली, पत्रे टाकले. पुढे दोन भिंती पाडून विटांच्या बांधल्या, मग स्लॅब आला. दादांनी बांधलेल्या घरातलं आज काय उरलंय, ते मी मोजलं. छप्पर नाही, भिंती नाहीत, दारं नाहीत. उरली आहे ती फक्त फरशी. अम्मीचा हट्ट तेव्हा कळला.

भावाची बाजूही चुकीची नव्हती. व्हिट्रिफाईड टाईल पाणी जवळजवळ शोषत नाही, डाग धरत नाही. चुनखडीवर लिंबू किंवा ॲसिड सांडलं की पांढरा डाग कायमचा. पण ओल्या पायाला गुळगुळीत टाईल घसरते आणि वजू करून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे पाय ओलेच असतात. अम्मी फरशीला अडखळली, ती दगडामुळे नव्हे. खालचा भराव खचला होता म्हणून. भाव काढले, हिशेब केला आणि ठरवलं की हीच फरशी काढून पुन्हा बसवायची, आणि तीही आपणच.

दहा बाय बाराची बैठक, दोन बाय दोनच्या तीस फरश्या, एकेक तीसेक किलोची. खडूने नंबर टाकले, कागदावर नकाशा काढला, दाराच्या कोपऱ्यातून पहार घातली. जुनी बसवणूक चुन्यात होती. चुना दगडापेक्षा कमजोर, म्हणून फरशी सुटली तरी फुटली नाही. नंतर कधीतरी सिमेंटने डागडुजी केलेल्या दोनच फरश्या काढताना तुटल्या. त्या जागी परसातल्या ओट्यावरच्या लावल्या.

भराव काढून मुरूम टाकला, पाणी मारलं, धुम्मसाने ठोकला. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही भिंतींवर पातळी आखली आणि दाराकडे हलका ढाळ ठेवला. पहिल्या रविवारी सहा फरश्या बसवल्या, फार खूष झालो. दुसऱ्या दिवशी शेजारचे गवंडी चाचा आले, हातोडीच्या दांड्याने ठोकून म्हणाले, "तीन पोकळ हैं." खालची बाजू खडबडीत, म्हणून सपाट माल पसरून चालत नाही. प्रत्येक फरशीच्या जाडीप्रमाणे खालचा माल कमी-जास्त करायचा, फरशी ठेवून पाहायची, उचलायची, खळगा राहिला तिथे भरायचा, मगच सिमेंटचं पाणी ओतून कायमची ठेवायची. तीन फरश्या काढल्या, पुन्हा बसवल्या. चार रविवार गेले. भावाने शेवटचे सांधे भरले. वाळू, सिमेंट आणि मुरूम एवढाच खर्च, असं तोच आता पाहुण्यांना सांगतो.

तीन दिवस कुणाला पाय ठेवू दिला नाही. चौथ्या दिवशी अम्मी फजरला उठली. अंधारातच भिंतीला हात न लावता बैठक ओलांडली, जानमाज अंथरली आणि उभी राहून नमाज पढली.

तुमच्या घरातही जुनी फरशी हलत असेल तर ट्रॅक्टर बोलावण्याआधी एक उचलून खाली पाहा. दगड बहुधा शाबूत असेल, खचलेली असते ती खालची माती.