सही राहून गेली

परवा रात्री नातीचा व्हिडिओ कॉल आला. ती गेल्या वर्षापासून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकते आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तिथेच शिकले, म्हणून मी तिला सांगून ठेवलं होतं की तिथला त्यांचा पुतळा मला दाखव. लेहमन ग्रंथालयातला तो अर्धपुतळा तिने दाखवला. मी इथे जठारपेठेत पलंगावर बसून हात जोडले. मग बाहेर येऊन तिने एका जुन्या इमारतीसमोर मोबाइल धरला.

"आजी, हा हॅमिल्टन हॉल. १९६८ मध्ये काळ्या विद्यार्थ्यांनी हा ताब्यात घेतला होता. आणि याचं नावच बदललं होतं, माल्कम एक्सचं नाव दिलं होतं."

नावाची गोष्ट निघाली आणि माझी झोप उडाली. का, ते सांगते.

आधी तिथली हकीकत. नातीने सांगितली तेवढी आणि मग मी वाचली तेवढी. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ची. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते. विद्यापीठ शेजारच्या सार्वजनिक बागेत व्यायामशाळा बांधत होतं. बागेच्या पलीकडे हार्लेम, म्हणजे काळ्या लोकांची वस्ती. आराखड्यात विद्यार्थ्यांसाठी दरवाजा वरच्या अंगाला आणि वस्तीतल्या लोकांसाठी खालच्या अंगाला! जमीन सगळ्यांची, दरवाजे दोन. आपल्याकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

व्हिएतनाम युद्धाशी विद्यापीठाचा संबंध होता, त्याचाही राग होता. २३ एप्रिलला काळे आणि गोरे विद्यार्थी मिळून त्या हॉलमध्ये शिरले. रात्रीतून काळ्या मुलांनी गोऱ्या मित्रांना सांगितलं, तुम्ही दुसरी इमारत धरा, ही आमची आम्ही सांभाळतो. आणि सांभाळली. आठवडाभराने पोलीस आले तेव्हा ती मुलं शांतपणे चालत बाहेर पडली. बाकीच्या इमारतींमध्ये मात्र डोकी फुटली. एकूण सातशेवर अटका झाल्या. पण बागेतली ती व्यायामशाळा काही झाली नाही.

आता आपल्याकडे येऊ.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) कॉलेज काढलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. तेव्हा मराठवाड्यात कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच होती. आपल्या वऱ्हाडातलीही कितीतरी मुलं तिथे शिकायला गेली. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि त्याला बाबासाहेबांचं नाव द्यावं ही मागणी सत्तरच्या दशकात जोर धरू लागली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली होती, तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. बाबासाहेबांनी तर १९४६ सालीच तिकडचे काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. म्हणजे ही ओळख जुनीच.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला. आणि मराठवाड्यात आगडोंब उसळला. दलितांची घरं जाळली, माणसं गाव सोडून पळाली. नांदेड जिल्ह्यातल्या पोचिराम कांबळे यांचा जीव गेला.

त्याच ऑगस्टमध्ये माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. मिलिंदला शिकत होता, दंगलीमुळे अकोल्याला परत आलेला. त्याचं नाव लिहीत नाही. सायकल फाटकाला टेकवली, आत येऊन उभाच राहिला. हातात नामांतराच्या पाठिंब्याचा कागद, खाली सह्या.

"बाई, तुमची सही पायजे."

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची. नोकरी नवीन म्हणता येणार नाही, पण भीती होती. घरचे काय म्हणतील, शाळेत काय म्हणतील! ते मी कबूल केलं नाही. मराठी शिकवणारी बाई, बोलायला शब्द कमी पडत नाहीत. मी म्हटलं, "अरे, नावात काय आहे? बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं ना? तू अभ्यासाकडे लक्ष दे."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग खाली बघत म्हणाला, "बाई, दरवर्षी जूनमध्ये तुम्ही वर्गात आमची नावं अलग वाचत होत्या. तवा नावात काय आहे असं कोनी म्हनलं नाही."

कागदाची घडी केली आणि गेला. मी चहा करते म्हटलं होतं, तोही राहिला.

नव्या वाचकांना ती यादी कळणार नाही, म्हणून सांगते. फी-सवलतीचे फॉर्म भरायचे असत. वर्गशिक्षिका म्हणून मी मोठ्याने म्हणायची, "बी.सी.वाल्यांनी उभं राहा," आणि एकेक नाव वाचायची. पाच मिनिटांचं काम. बाकीचा वर्ग बसून बघत असे. त्या मुलांना फी माफ होते, आपण त्यांचं भलंच करतो आहोत, अशी माझी समजूत! ती पाच मिनिटं त्या पोराने वर्षानुवर्षं लक्षात ठेवली होती.

आणि मला नावाची किंमत खरंच माहीत नव्हती का? १९६७ साली कृषी विद्यापीठ अकोल्याला व्हावं म्हणून आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली. मी तेव्हा कॉलेजात होते, घोषणा देऊन माझा घसा बसला होता. १९६९ ला विद्यापीठ झालं, त्याला पंजाबरावांचं नाव मिळालं. त्या नावासाठी कुणाचं घर जळलं नाही. 'नावात काय आहे' असं तेव्हा मीही कुणाला विचारलं नव्हतं. पुढे अमरावती विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव मिळालं, तेव्हाही आपण सगळे आनंदाने 'छान झालं' म्हणालो. प्रश्न नावाचा नव्हताच, कुणाचं नाव याचा होता.

नोव्हेंबर १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांनी तो अडवला, लाठ्या चालवल्या, लोकांना तुरुंगात टाकलं. माझा विद्यार्थी त्यात होता असं नंतर कानावर आलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला, संक्रांतीच्या दिवशी, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. ठराव झाला तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते, अंमल झाला तेव्हाही तेच. मधे साडेपंधरा वर्षं गेली.

मी काय केलं? १९७९ च्या जूनपासून वर्गात यादी वाचणं बंद केलं. मुलांना मधल्या सुट्टीत एकेकटं बोलावून फॉर्म भरून घेऊ लागले. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. एवढंच. हे त्याला कधी सांगितलं नाही, कारण तो पुन्हा आला नाही आणि मीही शोधलं नाही. अशोक वाटिकेवरून जाताना कित्येकदा वाटलं, गर्दीत दिसेल. दिसला तरी ओळखीन का, कोण जाणे. आता त्याचेही केस पांढरे झाले असतील.

नातीला मी त्या रात्री हे सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आजी, तू सही का नाही केलीस?" मी म्हटलं, "घाबरले गं." पहिल्यांदाच हा शब्द तोंडातून निघाला. त्या दिवशी त्याच्यासमोर निघाला असता तरी चाललं असतं. सही नसती मिळाली, पण निदान खरं तरी ऐकायला मिळालं असतं त्याला.

असो. तुमच्यापैकी कुणाकडे १९७८ च्या त्या ऑगस्टच्या आठवणी असतील, कागद घेऊन फिरलेल्यांच्या किंवा माझ्यासारख्या सही न केलेल्यांच्या, तर जरूर लिहा. दुसऱ्या प्रकारच्या आठवणी सहसा कुणी लिहीत नाही.